साग्रा खरी की खोटी, ते गल्ल्यावरून ठरवा

जून उजाडला की इटलीतल्या खेड्यांच्या वेशीवर पोस्टरं झळकू लागतात. कुठे रानडुकराची साग्रा, कुठे कांद्याची, कुठे गोगलगायींची, कुठे नुसत्या तळलेल्या पिठाची. साग्रा म्हणजे एका पदार्थाभोवती बांधलेली गावजत्रा. चर्चमागच्या पटांगणात किंवा फुटबॉलच्या मैदानावर लांबच लांब टेबलं, पाठ टेकता येत नाही अशी बाकडी, वर कागदी टेबलक्लॉथ. आधी गल्ल्यावर रांग लावायची, हवं ते सांगून पैसे भरायचे आणि पावती हातात धरून जागा शोधायची. आत गावातल्या आज्या पास्ता लाटतायत, वाढायला शाळा-कॉलेजातली पोरं, भट्टीपाशी घाम पुसत उभा असलेला कुणी निवृत्त पोस्टमन नाहीतर गवंडी. जेवणं उरकली की अकॉर्डियन सुरू होतं आणि साठीपुढची जोडपी नाचायला उतरतात. फेर्रागोस्तोच्या, म्हणजे पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत, पाच-दहा किलोमीटरच्या टापूत एकाच संध्याकाळी तीन-चार साग्रा चालू असल्या तरी कुणाला नवल वाटत नाही.

दर उन्हाळ्यात तेच जुनं भांडणही नव्यानं पेटतं. रेस्टॉरंट आणि बारमालकांची राष्ट्रीय संघटना ‘फीपे’ गेली कित्येक वर्षं म्हणत आली आहे की यातल्या पुष्कळशा साग्रा खोट्या आहेत. बिनछपराची हॉटेलंच ती, फक्त कर न भरणारी. तक्रारीत तथ्य आहे. इटलीत 1991 चा 398 क्रमांकाचा कायदा हौशी क्रीडासंस्थांसाठी आला आणि लगेच पुढच्या वर्षी त्याची सवलत गावोगावच्या ‘प्रो लोको’ मंडळांनाही मिळाली. प्रो लोको म्हणजे गावाच्या भल्यासाठी चालवलेली स्वयंसेवी मंडळी. बहुतेक साग्रा हीच भरवतात. 2025 अखेरपर्यंत प्रो लोकोंच्या बाबतीत या कायद्याखाली व्यावसायिक उत्पन्नाच्या फक्त 3 टक्के रक्कम नफा धरली जायची आणि गोळा झालेल्या व्हॅटपैकी साधारण निम्माच सरकारात भरावा लागायचा. उत्पन्नाची मर्यादा वाढत वाढत 2017 पासून चार लाख युरोंवर गेली. भरीला 2012 मध्ये अशा तात्पुरत्या खानपानाला व्यावसायिक पात्रतेची अटही उरली नाही. त्याच 2017 मध्ये आलेल्या स्वयंसेवी क्षेत्राच्या नव्या संहितेनं कराचे नियम बदलायला घेतले, तरी मूळ विचार तोच राहिला: गावासाठी राबणाऱ्याला धंदेवाल्याच्या तराजूत तोलू नये.

विचार रास्त आहे. पण मग खरी साग्रा ओळखायची कशी? आजवर दिलेली उत्तरं बहुतेक एकाच वळणाची आहेत. प्रो लोकोंच्या राष्ट्रीय महासंघानं ‘दर्जेदार साग्रा’ असा शिक्का काढला, त्यात मातीशी जोडलेल्या पदार्थाला आणि परंपरेला मोठं वजन. उंब्रिया प्रांतानं 2015 मध्ये खास साग्रांसाठी कायदा केला. तिथेही प्रदेशाच्या उत्पादनांशी नातं हा मुद्दा कळीचा. वर्तमानपत्रांतले खाद्यलेखकही हेच सांगतात की अस्सल पदार्थ, स्थानिक माल आणि जुनी रीत असेल तर साग्रा खरी. मला ही कसोटीच चुकीची वाटते. ताटात काय आहे यावरून साग्रेचा खरेखोटेपणा ठरत नाही. ताट कुणी राबून भरलं आणि त्याचे पैसे कुठे गेले, यावरून तो ठरतो.

आधी जुनेपणाचं बघू. रोमजवळच्या मारीनो गावची द्राक्षांची साग्रा ही इटलीतल्या सर्वांत नावाजलेल्या साग्रांपैकी एक. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तिथल्या कारंज्यातून पाण्याऐवजी वाइन वाहते आणि लोक पेले घेऊन झुंबड करतात. (2008 मध्ये नळजोडणीत घोटाळा झाला, कारंज्यातून वाइन आलीच नाही आणि आसपासच्या घरांतल्या नळांना वाइन आली. त्या घरांतून फारशी तक्रार झाली नसावी.) लेपांतोच्या 1571 च्या आरमारी लढाईहून परतलेल्या मार्कांतोनिओ कोलोन्नाची मिरवणूक तिथे निघते, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, हे चार शतकं चालू असणार. प्रत्यक्षात ही साग्रा सुरू झाली 1925 मध्ये. आणि ते वर्षही नुसता योगायोग मानता येत नाही. त्याच साली मुसोलिनीच्या राजवटीनं कामगारांच्या फावल्या वेळावर ताबा ठेवणारी ‘दोपोलावोरो’ ही संस्था काढली. पुढच्या काळात लोकवेश, लोकनृत्यं आणि गावजत्रा यांना नव्यानं सजवून उभं करण्यात तिचा मोठा हात होता. 1930 मध्ये सरकारनं देशभर राष्ट्रीय द्राक्षोत्सव साजरा करायला लावला. द्राक्षं आणि वाइन पडून होती, ती खपायला हवी होती. आज ज्या फेट्या-घागऱ्यांना आपण ‘पिढ्यानपिढ्यांचे’ म्हणून फोटोत पकडतो, त्यातले बरेच त्या खपवाखपवीच्या काळात पेटीतून बाहेर निघालेले नाहीतर नव्यानं शिवलेले आहेत.

लिगुरियातल्या कामोलीची मासळीची साग्रा तर त्याहून तरुण. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बंदरावर सुमारे चार मीटर व्यासाची कढई तापते आणि मासे तळून निघतात. कोळ्यांचा संत फोर्तुनातो जुना, त्याचा सणही जुना. कढई मात्र 1952 पासूनची. युद्धातून सावरणाऱ्या गावानं पाहुणे यावेत म्हणून काढलेली युक्ती ती. मग कामोलीची साग्रा खोटी का? छे. सत्तर वर्षं गाव ती उचलून धरतं आहे. जुन्या कढया गावातल्या भिंतीवर टांगून ठेवल्या आहेत, त्यातच गावाचा जीव किती गुंतलाय ते दिसतं. जुनेपणाची अट लावली तर कामोली नापास होते आणि लोकवेश भाड्यानं आणणारा एखादा कंत्राटदार पास होतो.

आता स्थानिक मालाची अट घेऊ. ती ऐकायला अधिक शहाणी वाटते. व्हिचेन्त्साजवळ सांद्रिगो नावाचं गाव आहे. दर सप्टेंबरात तिथे ‘बकाला’चा उत्सव होतो. दुधात, कांद्यात आणि भरपूर ऑलिव्ह तेलात तासन्‌तास मंद शिजवलेला सुका मासा, सोबत पिवळी पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी. व्हिचेन्त्साच्या माणसाला याहून आपलं काही वाटत नाही. या पदार्थाची पाककृती जपायला 1987 मध्ये तिथे एक बंधुसंघही स्थापन झाला. पण मासा येतो कुठून? नॉर्वेतल्या लोफोतेन बेटांवरून. व्हेनिसचा व्यापारी पिएत्रो क्वेरीनी याचं क्रीटहून निघालेलं जहाज वादळात भरकटलं आणि 1432 च्या जानेवारीत उरलेसुरले खलाशी तिथल्या रॉस्त बेटाजवळ जाऊन पोचले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना जगवलं, वाऱ्यावर वाळवलेला मासा खाऊ घातला, आणि त्या माशाची महती क्वेरीनीनं मायदेशी आणली, अशी ही कथा. सांद्रिगोच्या उत्सवाला रॉस्तची माणसं पाहुणी म्हणून येतात. स्थानिक मालाचा नियम काटेकोर लावला तर ही साग्रा पहिल्या फटक्यात बाद. सिसिलीतल्या सान व्हीतो लो कापोला कुसकुसचा उत्सव भरतो, तो पदार्थ समुद्रापलीकडच्या आफ्रिकेचा. आणि पोलेंताचा मका, पास्त्याच्या अमात्रीचाना सॉसमधला टोमॅटो तरी कुठले? कोलंबसाच्या आधी यातलं काहीच इटलीत नव्हतं.

याच कसोटीची उलटी बाजू ब्रोन्तेत दिसते. एटना ज्वालामुखीच्या उतारावरचा ब्रोन्तेचा हिरवा पिस्ता युरोपीय संरक्षण मिळालेला माल आहे, स्थानिक म्हणजे शंभर नंबरी स्थानिक. पण ही झाडं एक वर्ष सोडून पिकतात. तोडणी होते ती विषम सालांत. साग्रा मात्र सम सालांतही भरते, आणि त्या पिस्त्याचं नाव लावून आइस्क्रीम, केक, क्रीम, पास्ता असं जे विकलं जातं त्याला एवढासा डोंगर पुरा पडणार नाही, हे कळायला गणितज्ञ लागत नाही. पोस्टरवर स्थानिक माल लिहिणं सोपं, पोत्यात तोच आहे की नाही हे तपासणं अवघड. अशा अटी प्रामाणिक माणसाला अडवतात आणि लबाडाला जाहिरातीचा मजकूर पुरवतात.

तिसरी कसोटी कुणी कायद्यात लिहीत नाही, पण सध्या तिचाच आवाज मोठा आहे. आपल्या लोकांचं, आपल्या रक्ताचं तेच खरं, अशी ती. 2019 मध्ये बोलोन्यात संत पेत्रोनिओच्या सणाला आयोजकांनी डुकराच्या मांसाचं सारण भरलेल्या नेहमीच्या तोर्तेल्लिनीबरोबर (छोट्या वळलेल्या पास्त्याबरोबर) कोंबडीच्या सारणाच्याही थोड्या करायचं ठरवलं, डुक्कर न खाणाऱ्यांनाही पंगतीत बसता यावं म्हणून. जुन्या तोर्तेल्लिनीला कुणी हातही लावला नव्हता. तरी उजव्या लीग पक्षाचे नेते मात्तेओ साल्व्हिनी यांच्यापासून सगळे तुटून पडले: आमचा इतिहास पुसला जातोय! ज्या सारणासाठी एवढा गळा काढला, त्याची ‘अधिकृत’ कृती बोलोन्याच्या व्यापारी मंडळात नोंदवली गेली ती 1974 च्या डिसेंबरात. त्याआधी घरोघरी जे हाती असेल ते सारणात जायचं. पार्मा विद्यापीठातले इतिहासकार अल्बेर्तो ग्रांदी इटालियन खाद्यपरंपरांच्या तरुणपणाबद्दल बोलले की त्यांना देशद्रोही ठरवलं जातं. ते कधीकधी मुद्दाम डिवचतात, हे खरं. पण ज्याला डिवचलं की इतका राग येतो, त्या विश्वासाचा पाया फार खोल नसावा.

मग उरतं काय? उरतात माणसं आणि हिशोब. पहिली प्रो लोको 1881 मध्ये त्रेंतीनोतल्या पिएवे तेझीनो या डोंगरी गावात निघाली. आज अशी सहा हजारांहून जास्त मंडळं आहेत. इटलीतल्या सुमारे 7,900 नगरपालिकांपैकी जवळजवळ 70 टक्क्यांची वस्ती 5,000 च्या आत आहे, हे ध्यानात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. जिथे शाळा मिटली, पोस्ट बंद पडलं, डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतो, तिथे चालू असलेली एकमेव संस्था बऱ्याचदा हीच असते. साग्रेच्या चार दिवसांतून उरलेल्या पैशांवर गावाचा बँड नवी वाद्यं घेतो, चर्चची गळकी कौलं बदलली जातात, पोरांच्या संघाला जर्सी मिळतात, एखाद्या ठिकाणी रुग्णवाहिकेला हातभार लागतो. आपल्याकडे गावजत्रेच्या पंगतीत आमटी कशी झाली याची चर्चा होते, पण पंगत कुणाची हे कुणी आमटीच्या चवीवरून ठरवत नाही. कुणाच्या घरचं धान्य आलं आणि कोण चुलीपाशी बसलं, यावरून ते ठरतं.

या कसोटीवर सर्वांत झळझळीत उदाहरण चर्चच्या विरोधी छावणीतलं आहे. 1945 च्या सप्टेंबरात मारियानो कोमेन्से इथे कम्युनिस्ट पक्षानं आपल्या ‘लुनिता’ या दैनिकासाठी पहिला उत्सव भरवला. पुढे एमिलिया-रोमान्यात या उत्सवांचं जाळं पसरलं. हजारो कार्यकर्ते रजा काढून तोर्तेल्लिनी वळायचे, सॉसेज भाजायचे, रात्री भांडी घासायचे. पदार्थ कुठल्या गावचा, किती जुना, याची कुणाला फिकीर नव्हती. पण गल्ल्यात पडलेलं प्रत्येक नाणं कशासाठी आहे, हे जेवणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि वाढणाऱ्यालाही. शेजारच्या पॅरिशमधले पाद्री तोंड वेंगाडत असतील, पण त्यांच्या संताची साग्राही अगदी याच यंत्रावर चालत होती.

आणि एक उदाहरण, जे साल्व्हिनींच्या यादीत कधीच येणार नाही. पार्मेजान चीजच्या मुलुखात, रेज्जो एमिलियाजवळच्या नोव्हेल्लारात 2000 मध्ये मोठा गुरुद्वारा उभा राहिला. त्या भागातले दुधाचे गोठे कित्येक वर्षं पंजाबी माणसांच्या मनगटावर चालताहेत. बैसाखीला तिथे नगरकीर्तन निघतं आणि येईल त्याला फुकट जेवू घातलं जातं. राबणारे गावातलेच, नफा शून्य. माझ्या कसोटीवर ही बिअरच्या टाक्या लावून भरणाऱ्या कुठल्याही ‘उत्सवा’पेक्षा अस्सल साग्रा आहे, मग ताटात डाळ का असेना.

स्थानिक मालाच्या जयघोषात हा मुद्दा हमखास झाकला जातो. माल स्थानिक असतो, तो तोडणारा हात बऱ्याचदा नसतो. रोमच्या दक्षिणेला लातिनाच्या सपाट शेतांत हजारो पंजाबी मजूर भाजी आणि किवी काढतात. 2024 च्या जूनमध्ये तिथे एका पंजाबी मजुराचा हात यंत्रात तुटला, मालकानं त्याला दवाखान्यात न नेता घराबाहेर टाकून दिलं आणि तो दगावला. सगळी इटली हादरली होती, निदान काही आठवडे. भाजीच्या पेटीवर लातिना लिहिलेलं असतं, आणि स्थानिक मालाचा कुठलाही नियम त्या पेटीला बिनतक्रार पास करतो.

आता रेस्टॉरंटवाल्याकडे परत येऊ, कारण त्याची बाजू टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. नोव्हेंबरच्या ओल्या मंगळवारी सहा गिऱ्हाइकांसाठी दिवे लावून बसतो तो हाच. गावातल्या दोन-तीन पोरांना बारमाही पगार देतो तोही हाच. त्याच्या नाकासमोर ऑगस्टचे तीन आठवडे कमी करात जेवण विकलं जात असेल, तर तो ओरडणारच. साग्रा चार दिवसांची तीन आठवड्यांची झाली, मेन्यूत बावीस पदार्थ आले, वाढायला रोजंदारीवरची माणसं आली आणि ट्रकमधून गोठवलेले खेकडे उतरले की ती दुकानदारीच. पो नदीच्या मैदानात पाएयाची, म्हणजे स्पेनमधल्या भाताची, पातेली चढतात ती बहुधा अशाच ठिकाणी. पाएयात वाईट काही नाही. आक्षेप आहे तो स्वयंसेवेचं सोंग घेऊन तिथे मिळणाऱ्या करसवलतीला.

दुर्दैव असं की सरकारी नियमांचा वरवंटा नेमका उलट्या बाजूला फिरतो. 3 जून 2017 ला तोरिनो (टुरिन) शहराच्या सान कार्लो चौकात मोठ्या पडद्यावर फुटबॉलचा सामना बघणाऱ्या गर्दीत घबराट उडाली आणि दीड हजारांवर माणसं जखमी झाली. चारच दिवसांत पोलीसप्रमुख फ्रांको गाब्रिएल्लींचं परिपत्रक निघालं. आत-बाहेर जाण्याच्या वाटा वेगळ्या हव्यात, गर्दी मोजा, अडथळे लावा, प्रशिक्षित रक्षक नेमा. हजारो माणसांच्या चौकासाठी हे सगळं योग्यच. पण हाच फास दोनशे ताटांच्या साग्रेच्या गळ्यात पडला तेव्हा त्या उन्हाळ्यात कित्येक गावांनी साग्राच रद्द केल्या. पुढे नियम थोडे सैल झाले, तरी कागदपत्रांचं ओझं राहिलं. सत्तरीतला खजिनदार आणि दोन गृहिणी यांनी इंजिनियरकडून सुरक्षा आराखडा काढून घ्यायचा कसा? कंत्राटदाराला ते जमतं. त्याच्याकडे त्यासाठी माणूसच असतो. म्हणजे खोट्यांना आवरायला केलेली प्रत्येक कडक अट आधी खऱ्यांना मारते. प्रो लोकोंमध्ये तरुण का येत नाहीत याची कारणं पुष्कळ आहेत, पण पोलेंता ढवळायची हौस असलेल्या पोरानं आधी फौजदारी जबाबदारीच्या कागदावर सही करावी, ही अपेक्षा त्यातलं एक कारण नक्कीच आहे.

रेस्टॉरंट आणि साग्रा यांचं वैर अटळ आहे, असंही मला वाटत नाही. लात्सियोच्या डोंगरातलं अमात्रीचे गाव घ्या. 2016 च्या 27 आणि 28 ऑगस्टला तिथे स्पगेत्ती अमात्रीचानाची पन्नासावी साग्रा व्हायची होती. 24 ला पहाटे 3 वाजून 36 मिनिटांनी भूकंप झाला. त्या टापूत 299 माणसं गेली, गावाचं मधलं अंग उरलं नाही. त्यानंतर देशभरच्या आणि परदेशातल्याही रेस्टॉरंटांनी मेन्यूत अमात्रीचाना ठेवली आणि प्रत्येक ताटामागे दोन युरो, एक गिऱ्हाइकाचा आणि एक मालकाचा, भूकंपग्रस्तांसाठी बाजूला काढले. ज्यांना एरवी साग्रा डोळ्यांत खुपते, त्यांनीच काही आठवडे साग्रेच्या नियमानं धंदा केला: ताट अमुक, पैसे तमुक कामाला. 2017 च्या उन्हाळ्यात देणग्यांतून उभ्या राहिलेल्या लाकडी इमारतींत गावातली रेस्टॉरंटं एकत्र उघडली. 2020 मध्ये युरोपीय संघानं या सॉसच्या पारंपरिक कृतीला संरक्षण दिलं. गालाचं मांस की पोटाचं, कांदा की बिनकांदा, यावर तेव्हा भरपूर शाई खर्च झाली. त्या दोन युरोंची आठवण त्या लेखांत फारशी नव्हती.

10 डिसेंबर 2025 ला दिल्लीच्या लाल किल्ल्यात भरलेल्या बैठकीत युनेस्कोनं इटालियन पाककलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याच दिवशी आपली दिवाळीही त्या यादीत गेली. इटलीत फटाके तेवढे फुटायचे राहिले. आता बोधचिन्हं निघतील, अनुदानं निघतील, आणि प्रत्येक अर्जात ‘परंपरा’ हा रकाना पहिला असेल. तो भरायला सगळ्यांत पटाईत कोण, हे सांगायला नको.

त्याऐवजी नगरपालिकेनं एकच कागद मागावा. साग्रेची सूचना तिच्याकडे द्यावीच लागते. पुढच्या वर्षीच्या सूचनेसोबत मागच्या वर्षीचा हिशोब जोडायला लावावा आणि तो चौकातल्या फलकावर डकवावा. किती ताटं गेली, किती जमलं, मालाला आणि मजुरीला किती दिलं, उरलं ते कुठे गेलं. मजुरीच्या ओळीत मोठा आकडा दिसला की गाव आपोआप प्रश्न विचारेल, तपासनीस पाठवायची गरज नाही. छोट्या गावात कौलं बदलली की नाही हे मान वर करून दिसतं. दिवसांची मर्यादा ठेवावी, गावातल्या रेस्टॉरंटवाल्याला हवी असेल तर मैदानात एक भट्टी त्याच्या हक्काची असावी, आणि पाचशे ताटांच्या आतल्या साग्रेला सुरक्षेचा आराखडा पालिकेनंच फुकट काढून द्यावा. ज्यांना हा हिशोबाचा कागद लावणं परवडत नाही, त्यांनी रेस्टॉरंटसारखा पूर्ण कर भरावा आणि वर्षभर खुशाल पाएया विकावी.